खाजणातली कोल्हीण
काल्हेरच्या खाडीलगतच्या घरच्या खाजणात उद्या गोदामासाठी भराव पडणार होता. "एक कोल्हा दाखव, भराव थांबवतो," मनालीचा नवरा हितेश चेष्टेने म्हणाला होता. मनालीने तिवराच्या बुंध्याला कॅमेरा बांधला. समोर काही हललं की तो आपोआप फोटो घेई. आज तिने कार्ड लॅपटॉपला लावलं. आधी नुसतं गवत दिसलं, मग बगळा. पुढच्या फोटोत चक्क सासरे! चिखलात उकिडवे बसलेले, हातात निवटी मासा, आणि हातभर अंतरावर मान पुढे काढलेली कोल्हीण. मनालीने वळून पाहिलं. सासरे दारात उभे होते. "दादा, बरोब्बर कॅमेऱ्यासमोरच कसे बसलात?" "मुद्दाम बसलो. तिला रोज थोडी पुढं आनली." "हितेशला तोंडानेच सांगायचं ना!" "दोनदा सांगितला. म्हातारा झोपेत कोल्हे बघतो, बोलला." त्यांनी पडद्यावरची कोल्हीण निरखली. "आता हा कॅमेरापन झोपेत बघतो, बोल म्हनावा त्याला."