हुकाचं वर्णन

मच्छे गावातल्या फाउंड्रीत सुरक्षेची बैठक होती. कामगार अधिकारी अभिनंदनअण्णांना दिसत नाही, म्हणून टायपिस्ट चंदना प्रत्येक स्लाइडवरच्या फोटोला वर्णन जोडायची आणि लॅपटॉप ते त्यांच्या कानात वाचून दाखवायचा. ते ऐकूनच अण्णांनी विचारलं, "क्रेनच्या हुकावरची चीर किती लांब आहे?" डोळे असलेले नऊजण पहिल्यांदाच पडद्याकडे बघायला लागले. हाच फोटो त्यांनी आधीच्या दोन बैठकांत मंजूर केला होता. "चंदना, लई बघतेस गं," मॅनेजर हसले. "वर्णन लिहायचं म्हणजे बघावं लागतंय, साहेब." अण्णा म्हणाले, "त्या हुकाला वितळलेल्या लोखंडाचं भांडं लटकतं. खाली माणसं असतात. क्रेन थांबवा." "माल आज जायचाय, अण्णा. सोमवारी बघू की." मॅनेजर चंदनाकडे वळले. "फोटो राहू दे, रेकॉर्डला लागतोय. वर्णन तेवढं पूस." तिनं पुसलं. दुसऱ्या पाळीची माणसं क्रेनखाली जमली.