उलटतपासणीची तालीम

लेकीने हॉटेलच्या खोलीतल्या दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या, आईला एकीत बसवलं आणि चेहरा कडक करून म्हणाली, "आता मी तुझी लेक नाही. मी कंपनीचा वकील."

"वकीलसाहेब, जेवलात का?"

"आई!"

"बरं बाई, विचार."

उद्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आईची साक्ष होती. परक्यांचं राज्य असताना त्यांच्या कंपनीने गावाच्या वरच्या अंगाला खाण काढली होती. राज्य गेलं, खाण राहिली. तिचा विषारी गाळ आजही नदीत उतरत होता. नदी साफ करून द्या, एवढीच गावाची मागणी. त्यासाठीच वकील होऊन गावाची बाजू मांडणाऱ्या या लेकीने कायद्याचा कीस पाडला होता.

"तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

लेकीने मान खाली घातली. "एक म्हणायचं, आई. काल बोललो ना आपण? दादा ते पाणी पिऊन गेला, तेव्हा नद्या साफ ठेवायचा आंतरराष्ट्रीय करार झालाच नव्हता. त्या वेळच्या कायद्याने गाळ सोडणं गुन्हा नव्हता. तू त्याचं नाव काढलंस की ते म्हणतील, नुकसान सगळं जुनंच आहे, या कोर्टात चालणार नाही."

"तो कायदा केला कोणी?"

"त्यांनीच. राज्य त्यांचं होतं."

"मोठे हुशार की!" आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. "हं, विचार."

लेकीला तो प्रश्न आता स्वतःच्या तोंडून ऐकवेना. दादाला तिने कधी पाहिलंही नव्हतं. पण लहानपणी तिला ताप आला, की आई उशाशी बसून राहायची. ती दोघांसाठी जागते आहे, हे तेव्हाही कळायचं. तरी तिने विचारलं,

"तुम्हाला मुलं किती?"

"एक." या खेपेला आई अडखळली नाही.

लेकीला हायसं वाटलं आणि रडूही आलं. ते लपवायला तिने घाईघाईने पुढचं विचारलं, "नाव?"

आईने दादाचं नाव सांगितलं.

चूक झाली म्हणावं, तर आईच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं.

"अशी बघू नकोस गं." आईने तिचा हात हातात घेतला. "तू आहेस, हे सगळ्यांना दिसतंय. एकाचंच नाव घ्यायचं तर मी त्याचं घेणार. त्याला माझ्याशिवाय आहे कोण?"

कंपनीच्या वकिलाने साक्षीदाराच्या मांडीत डोकं खुपसलं. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. मांडीतूनच आवाज आला, "उद्या दोन म्हण."

"आणि नदी?"

"समोरचा वकील हरकत घ्यायला उठला, की मीही उठेन."