न गाळलेला उजेड

"हा ठिपका म्हणजे एकटा तारा आहे. पुढची दीर्घिका लावा," विभागप्रमुख भडसावळे घाईनं म्हणाले. यंत्राचा निकालही तोच होता.

वेधशाळेत आता आकाशाची छायाचित्रं ऐकली जात. प्रत्येक ताऱ्याच्या उजेडाला, त्याच्या रंगाप्रमाणे, एक सूर दिलेला. त्यामुळेच जन्मांध वैदेही टिपणीस इथं खगोलशास्त्रज्ञ होती. हा ठिपका म्हणजे तारकागुच्छ आहे, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. आज ते सिद्ध झालं नाही, तर मोठी दुर्बीण कायमची दुसऱ्यांच्या कामाला दिली जाणार होती.

स्पीकरमधून एकच सूर येत होता. गुळगुळीत, नको तेवढा गुळगुळीत.

"सर, आवाज गाळून येतोय का?"

"अर्थात. खरखर काढून टाकतो आपण."

वैदेहीला हसू फुटलं. लहानपणी मावसभावानं तिचा तानपुरा पुसताना तारांखालचे दोरे कचरा समजून ओढून काढले होते. तानपुऱ्याची सगळी आस, सुरांचा तो घुमारा, गेली होती.

"गाळणी बंद करा."

"टिपणीसबाई, वेळ नाहीये!"

"चुकले, तर मी स्वतः दुर्बिणीवरचा हक्क सोडते."

गाळणी बंद झाली. आधी नुसतीच खरखर आली. मग तिच्यातून खर्जापासून तारसप्तकापर्यंत सूरच सूर उमलले, एकमेकांत घुमत राहिले. एकट्या ताऱ्याला इतके सूर कुठले? अख्खं दालन झंकारलं.

भडसावळ्यांनी मोठी दुर्बीण तिकडे रोखली. पडद्यावर तो ठिपका फुटला आणि हजारो सूर्य झळकले. सगळे ओरडले, टाळ्या पडल्या.

भडसावळ्यांनी मात्र डोळे मिटून घेतले.

"बाई," ते म्हणाले, "पुन्हा ऐकवा."