जादा चाक

"खांदा गेला माझा," हे कुरकुरले. "मिरजेत निदान पंक्चरवाला तरी असतो."

बेल्जियममधल्या दगडी रस्त्याच्या कडेला आम्ही सायकलचं जादा चाक घेऊन उभे होतो. शर्यतीत आमच्या शाल्मलीची सायकल पंक्चर झाली, तर पळत जाऊन द्यायचं, असं तिच्या संघाने बजावलं होतं. मागच्या थांब्यावर ती दिसलीच नव्हती. "घोळक्यात हुकली असेल," हे म्हणाले. मीही "असेल" म्हटलं आणि शेंगदाण्याचा लाडू मोडून अर्धा त्यांना दिला.

सगळ्या सायकली खडखडत गेल्या. ह्यांनी प्रत्येकीच्या हेल्मेटखाली वाकून पाहिलं. शेवटी शाल्मलीच्याच संघातली एक पोरगी पंक्चर सायकल ढकलत आली आणि तिने चाकासाठी हात पुढे केला. तिच्यामागून शर्यत सोडलेल्यांना गोळा करणारी गाडी सावकाश येत होती. त्यानंतर कुणीच नव्हतं.

ह्यांनी चाक पाठीमागे लपवलं. "नाही बाई, हे आमच्या लेकीचं आहे," त्यांनी तिला मराठीत सांगितलं. पोरगी रडकुंडीला आली.

मी त्यांच्या दंडाला हात लावला.

"अहो, द्या तिला. आपली शाल्मली त्या गाडीत बसलीय."