बिनतिखटाचा भोपळा

ईश्वरराव शेवटी खडखडीत बरे झाले. पण ते सोडून द्या, कारण ते कधी आजारी पडलेच नव्हते.

झालं असं, की त्यांची एकुलती एक मुलगी प्रतीक्षा नोकरीला जपानात गेली आणि तिनं फोनवरून बापाला तिकडची भाजी शिकवली. सोया सॉस आणि साखरेच्या पाण्यात लाल भोपळ्याच्या फोडी, त्यावर पातेल्याच्या आत बसेल अशी ताटली आणि मंद आच. फोडणी नाही, तिखट नाही. "मी पण आज हेच करणार, बाबा," ती म्हणाली. म्हणजे एकत्र जेवल्यासारखंच. फक्त जपान साडेतीन तास पुढं असल्यानं यांचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत ती झोपलेली असायची.

शेजारच्या अजीजाभाभी वाटी परत करायला आल्या आणि पातेल्यात डोकावून जागीच थबकल्या. सोलापुरात बिनतिखटाचं कोण खातं?

"या अल्ला! ईश्वरभाऊ, डॉक्टर काय बोलले? अन् आमाला सांगितलं पण न्हाय की!"

तासाभरात अख्खी गल्ली घरात. कुणी शहाळं आणलं, कुणी पाय चेपले. गौसभाई तर दोन तास बसून स्वतःच्या मूळव्याधीबद्दल बोलले. ईश्वररावांनी बारीकसं खोकून दिलं. पाच दिवस गॅसवरून चहाचं भांडं उतरलं नाही.

सहाव्या दिवशी भाभींनी त्यांना गाड्यावर मिरची भजी खाताना पाहिलं. गल्ली पांगली.

आता भोपळा रोज शिजतो आणि दार सताड उघडं असतं. काल त्यांनी गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांना रीतसर अर्ज दिला: "तरी अर्जदारास पुढील आदेश होईपर्यंत आजारी समजण्यात यावे, ही नम्र विनंती."