तुमचं झालंय की

सकाळी कुकरचं झाकण लावताना माझ्या डाव्या तर्जनीत सुई टोचल्यासारखी कळ आली आणि बघता बघता अख्खं बोट काळंनिळं झालं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, "बारीक रक्तवाहिनी फुटलीय. का फुटते ते सांगता येत नाही. डाग आठवड्याभरात आपोआप जाईल."

एवढ्यासाठी मतदान कोण सोडतं? आमच्या दारासमोरचं गटार पाच वर्षं उघडं ठेवणाऱ्या नगरसेवक ढवळ्यांना पाडायचं, हे मी त्यात पाय मुरगळला तेव्हाच ठरवलं होतं.

केंद्रावर शाईची बाटली घेऊन बसलेल्या बाईंनी माझं बोट उलटसुलट करून पाहिलं. "काकू, तुमचं झालंय की."

"अहो, हे रक्त साकळलंय."

"मघाशी एकीनं मेंदी सांगितली."

"यादीत बघा ना, माझ्या नावापुढे खूण नाही."

"म्हणजे दुसऱ्या वॉर्डातपण नाव आहे तुमचं," त्या आणखीच सावध झाल्या. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट माझ्या बोटाबाबत मात्र एकमताने माना डोलवू लागले.

मत न देताच लंगडत बाहेर आले, तर रस्त्यापलीकडे ढवळे हात जोडून उभे. माझं बोट पाहून ते अगदी गहिवरले.

"अशा पायानं येऊन मत दिलंत, काकू. तुमच्यासारख्यांमुळेच तर आम्ही निवडून येतो."

मी घराकडे वळले. बोटावरचा डाग तरी आठवड्याभरात आपोआप जाणार होता.