लुक आफ्टर

"लुक आफ्टर म्हणजे काय गं?" आईने पलंगावरून विचारलं.

"सांभाळणं," लेक म्हणाली. "मूल सांभाळा, दुकान सांभाळा, तब्येत सांभाळा, कुणाची पिशवी घटकाभर सांभाळा. सगळीकडे हेच."

"म्हणजे तू माझं करतेस तेच की."

"तेच. पण तिकडे त्याचा पगार मिळतो."

दोघी हसल्या. परदेशातल्या एका वृद्धाश्रमातल्या नोकरीसाठी थोड्याच वेळात लेकीची फोनवर मुलाखत होती. आई मुलाखत घेणारी मॅडम होऊन सरावाचे प्रश्न विचारत होती. इंग्रजीशी तिचा छत्तीसचा आकडा, पण लेकीने शिकवलेलं पोपटासारखं म्हणायची.

"हू डू यू लुक आफ्टर ॲट होम?"

"याचं उत्तर येतं मला. पुढचं विचार."

मागे एका मुलाखतीत लेकीने या प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं. आई अंथरुणाला खिळलेली आहे, मावशी तिला ठेवून घ्यायला तयार आहे. अशा मुली आईसाठी मध्येच परत पळतात, असं म्हणून त्यांनी तिला सरळ नकार दिला होता. या वेळी थाप मारायची, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. आईला इंग्रजी कुठे कळतंय? तरी जिवंत आईला तोंडाने मारायचं म्हणजे जिवावर आलं होतं.

घर एका खोलीचं. तिने फोन भिंतीला टेकवला आणि पलंगाकडे पाठ करून बसली.

मॅडमनी तो प्रश्न विचारलाच.

"नोबडी," लेक म्हणाली. "माय मदर इज नो मोअर."

मॅडम हळहळल्या. तेवढ्यात मागे आईला खोकल्याची उबळ आली. ही उबळ एकदा सुरू झाली की पाणी पाजून पाठ चोळेपर्यंत थांबायची नाही. पण खोकला तिथेच तुटला. मॅडमना बहुधा ऐकूही गेला नाही. त्यांनी आणखी बरंच काही विचारलं आणि शेवटी हसून सांगितलं, निघायच्या तयारीला लागा.

फोन बंद करून ती वळली. आईने दोन्ही हातांनी उशी तोंडावर गच्च दाबून धरली होती. डोळे लाल झाले होते, पाणी घळाघळा वाहत होतं. लेकीने धावत जाऊन उशी ओढली.

"गेल्या का गं मॅडम?" आईने दबक्या आवाजात विचारलं. "आता खोकू?"